सीडी आहे, डोंगल आहे, पण प्रोग्रॅम उघडत नाही

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांपुढे (संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांपुढे) जुनाच प्रश्न पुन्हा आला: मशीन विंडोज ११ वर नेलं तर पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर चालेल का? रीतसर पावती घेऊन विकत घेतलेलं सॉफ्टवेअर अपडेटनंतर बंद का पडतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

पेजमेकर आल्डस कंपनीने १९८५ मध्ये आणलं. १९९४ मध्ये आल्डस ॲडोबीकडे गेली, २००१ मध्ये ७.० आलं आणि पुढे ॲडोबीने सगळा जोर इनडिझाइन या पानं लावायच्या आपल्याच नव्या प्रोग्रॅमवर लावला. मराठी छपाईला मात्र पेजमेकर सोडवेना. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंतचा मजकूर श्रीलिपी, आकृती अशा पॅकेजांच्या फाँटमध्ये होता. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत आणि कोणता तुकडा कुठे, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासूनच आहे, पण पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत आलं नाही. त्यामुळे फाँट नसेल तर फाइल उघडूनही पानावर नुसता कचरा दिसतो.

त्यात डोंगल, म्हणजे अशा काही पॅकेजांसोबत कॉपी अडवण्यासाठी येणारं छोटं हार्डवेअर कुलूप. जुना डोंगल संगणकाच्या मागे २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला लावायचा आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीला. प्रोग्रॅम सुरू होताना डोंगलला विचारणार, उत्तर आलं तरच पुढे सरकणार. ही विचारणा ड्रायव्हरमार्फत, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममार्फत होते आणि जुन्या पिढीचा, ३२ बिटचा ड्रायव्हर नव्या पिढीच्या ६४ बिट विंडोजवर चालत नाही. नव्या मशीनला तर ते पोर्टच नसतं. म्हणजे चोरी अडवायला लावलेल्या कुलपाने शेवटी पैसे मोजणाराच बाहेर राहिला. डोंगल तोडलेली कॉपी वापरणाऱ्याला ही अडचणच नाही!

त्याहून जुने १६ बिटचे प्रोग्रॅमही ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं. काही जुन्या सीडींमध्ये प्रोग्रॅम ३२ बिटचा, पण इन्स्टॉलर १६ बिटचा. असा प्रोग्रॅम एरवी चालला असता, पण गाडी इन्स्टॉल करतानाच अडते. तरी मायक्रोसॉफ्टने ३२ बिटचे प्रोग्रॅम आजवर सांभाळले, हे मान्य करायला हवं. ॲपलने २००७, २०११ आणि २०१९ अशा तीन टप्प्यांत मॅकवरच्या जुन्या प्रोग्रॅमांच्या एकेक पिढीचा आधार काढून घेतला.

करारात बहुधा वापरण्याचा परवाना दिलेला असतो. पुढच्या विंडोजवर चालेल, असं वचन कुणी देत नाही. २०१३ मध्ये ॲडोबीने इनडिझाइन, फोटोशॉप अशा मुख्य प्रोग्रॅमांची यापुढची व्हर्जन फक्त वर्गणीवर मिळतील असं जाहीर केलं. त्यानंतर या प्रोग्रॅमांची नवी व्हर्जन एकदाच विकत घेण्याचा मार्गही उरला नाही.

म्हणून काही जण इंटरनेटची केबल काढून जुन्या विंडोज एक्सपीचं एक मशीन चालू ठेवतात. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास तपासावी लागते, कारण जुन्या फाँटमध्ये ही वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. शिवाय नव्या फाँटमध्ये ओळी वेगळ्या मोडतात. जुन्या पुस्तकाची आवृत्ती काढायची तर पानं पुन्हा लावायची आणि प्रुफंही पुन्हा वाचायची.