होमस्टे वेगळा, भाड्याचा व्हिला वेगळा

परवा परत एकाने सांगितलं, "गोव्यात मोरजीला होमस्टेत राहिलो, लोकल लोकांना चार पैसे मिळाले." विचारलं, घरमालक कोण होते? तर म्हणे मालक भेटलेच नाहीत, दाराचा कोड व्हॉट्सॲपवर आला. अहो, मग तो होमस्टे नव्हेच, तो भाड्याचा व्हिला.

व्हिला सगळ्यांना माहीत आहे, ॲपवर बुकिंग, पूल, केअरटेकर, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लोक भेद करतात ते नाश्ता मिळतो का, कौलं आहेत की स्लॅब यावरून, ते सोडून द्या. आसगावात जुनी पोर्तुगीज घरं रंगवून व्हिला केलेत आणि साध्या स्लॅबच्या घरात चांगले होमस्टे चालतात. पर्यटन खात्याचा नोंदणी नंबर बघूनही कळत नाही, गोव्याच्या 1982 च्या पर्यटन व्यवसाय कायद्याखाली नोंदणी दोघांनाही लागते.

फरक एकच, रात्री मालक त्याच छपराखाली झोपतो का. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या होमस्टे योजनेत तर अटच आहे, मालक कुटुंबासकट तिथे राहणारा हवा आणि पाहुण्यांच्या खोल्या जास्तीत जास्त 6.

आणि इथेच सगळे घसरतात, त्यांना वाटतं मालक गोंयकार, म्हणजे मूळचा गोव्याचा, असला की झाला होमस्टे. तसं नाही हो. म्हापशाला फ्लॅट घेऊन गावचं घर आख्खं भाड्याने दिलेला आमचाच माणूस व्हिलाच चालवतो, आणि दिल्लीहून येऊन इथेच संसार थाटलेलं जोडपं दोन खोल्या पाहुण्यांना देत असेल तर तो होमस्टे, कारण ते शेजारी आहेत. पैसा कुणाच्या खिशात जातो हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण गावातल्या वस्तीत राहणाऱ्याला रोज भिडतो तो दुसरा प्रश्न, त्या घरात माणूस आहे का.

रात्री 10 नंतर स्पीकर बंद हा नियम सगळीकडे आहे, पण होमस्टेत पलीकडच्या खोलीत मालकाची आई झोपलेली असते म्हणून तो पाळला जातो. व्हिल्यात केअरटेकर म्हणजे पगारावरचा कुणीतरी पोरगा, तो पंधरा जणांच्या ग्रुपला काय सांगणार, मग शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन करायचा. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागला की घरातला माणूस स्वतः नळ आवरतो, पूल असलेल्या घरात टँकर येतो आणि अरुंद वाटेत अर्धा तास उभा राहतो. पंचायतीची कचऱ्याची गाडी कुठल्या दिवशी येते हे रविवारी चेकआउट करणाऱ्याला कुठून कळणार, पिशव्या कोपऱ्यावर पडतात आणि कुत्री फाडतात.

मला सगळ्यात लागतं ते चतुर्थीचं. आरतीला घरोघरी फिरताना मधली तीन-चार घरं सोडून पुढे जावं लागतं, तिथे गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी नाही, हाक मारायला कुणी नाही. जानेवारी 2023 पासून मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि आसपासच्या पेडणे तालुक्यात हे जास्तच दिसायला लागलं, पूर्वी शिक्षक किंवा नर्स वर्षाच्या भाड्याने राहायची त्या खोल्या आता दिवसाच्या दराने जातात.

म्हणून बुकिंगच्या आधी फोन करून एवढंच विचारा, "तुम्ही स्वतः कुठे राहता?" उत्तर "मागच्या खोलीत" असं आलं तर खुशाल या, दुपारच्या जेवणाला मासे काय आहेत तेही विचारून घ्या.