एनओसी वेगळी, वकीलपत्र वेगळं: अपघाताच्या दाव्यात वकील बदलताना

"साहेब, जुने वकील एनओसी देत नाहीत. म्हणजे आता दुसरा वकील करता येणार नाही ना?"

जिल्हा न्यायालयाच्या आवारात बसणाऱ्या कुणाही वकिलाला विचारा, हा प्रश्न त्याने ऐकलेला असतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा प्लास्टिकची पिशवी असते. तीत एफआयआरची झेरॉक्स, दवाखान्याची बिलं, गुंडाळी झालेला एक्स-रे आणि मागच्या तारखेची चिठ्ठी. खरी फाईल जुन्या वकिलांच्या कपाटात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एमएसीटीत, दावा पडून तीन-चार वर्षं झालेली. माणूस काठी टेकत येतो आणि जुन्या वकिलाच्या एका सहीवर आपलं सगळं अडलंय, असं धरून चालतो.

तसं ते अडलेलं नसतं. गोंधळ होतो तो दोन गोष्टी एक मानल्यामुळे. जुन्या वकिलाची एनओसी, म्हणजे हरकत नसल्याची सही, ही एक गोष्ट आणि त्याचं वकीलपत्र, म्हणजे तुम्ही दिलेला नेमणुकीचा कागद, संपवणं ही दुसरी. पहिली वकिला-वकिलांमधली आहे, दुसरी तुमची आणि कोर्टाची.

वकीलपत्र तुम्ही पहिल्याच दिवशी सही केलं होतं, आठवत असेल. छापील फॉर्म, वर कोर्ट फीचा स्टँप, शेजारी वेल्फेअर फंडाचा स्टँप, आणि खाली बारीक अक्षरात एक लांबलचक वाक्य. ते वाक्य सही करताना कुणी वाचत नाही. त्यात वकिलाला काम चालवायचे, तडजोड करायचे, कागद परत घ्यायचे आणि बहुतेक फॉर्मांत कोर्टात जमा झालेली रक्कम उचलायचेही अधिकार दिलेले असतात. हा कागद फाईलला लागला की तो आपोआप उतरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3 नियम 4 प्रमाणे वकिलाची नेमणूक चालू धरली जाते, ती पक्षकाराने किंवा वकिलाने लेखी सही करून कोर्टाच्या परवानगीने संपवेपर्यंत. नाहीतर दोघांपैकी कुणी मरण पावेपर्यंत, किंवा त्या पक्षकारापुरतं काम पूर्ण होईपर्यंत. म्हणजे "मी त्यांना फोनवर सांगून टाकलं" याने काहीही होत नाही. रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टातल्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीवर, नाव त्यांचंच राहतं.

एनओसी ही याहून फार छोटी गोष्ट आहे. नवीन वकिलांच्या वकीलपत्रावर, बहुधा समासात किंवा कोपऱ्यात, जुने वकील "नो ऑब्जेक्शन" लिहून तारीख टाकून सही करतात. दोन ओळींचं काम. बार रूममध्ये चहा पिता पिता होतं, आणि बहुतेक वेळा होतंही. कारण सगळ्यांना रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात आणि आज याचा अशील गेला तर उद्या त्याचा येणार असतो. या सहीमागे बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेचा नियम 39 आहे. एखाद्या पक्षकारातर्फे आधीच वकीलपत्र दाखल असेल, तर दुसऱ्या वकिलाने पहिल्याच्या संमतीशिवाय उभं राहू नये, असं तो सांगतो.

इथपर्यंत लोकांना ऐकून माहीत असतं. त्याच नियमाचं पुढचं वाक्य मात्र सहसा कुणी सांगत नाही. संमती मिळाली नाही, तर नवीन वकिलाने ती का मिळाली नाही याची कारणं लिहून कोर्टाकडे अर्ज करावा आणि कोर्टाच्या परवानगीने उभं राहावं. म्हणजे नियमातच दार ठेवलेलं आहे. जुन्या वकिलाच्या हातात नकाराधिकार नाही. त्याचा नकार म्हणजे तुम्हाला एक जास्तीचा अर्ज आणि फार तर एक-दोन तारखा.

तो अर्ज कसा दिसतो? पानभराचा. अर्जदाराने अमुक तारखेला वकिलांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवून वकीलपत्र संपवत असल्याचं कळवलं, पोच सोबत जोडली आहे, संमती मागितली पण मिळाली नाही, सबब जुनं वकीलपत्र रद्द करून नवीन वकिलांना हजर राहण्याची परवानगी मिळावी. बस. यात जुन्या वकिलांनी काय काय केलं नाही याची कादंबरी लिहू नये. लोकांना ती लिहायची फार हौस असते, पण कोर्टाला त्या पानांचा काही उपयोग नसतो आणि समोरच्या विमा कंपनीच्या वकिलाला ती फुकटची करमणूक होते. वकिलांना पाठवायचं पत्रही चार ओळींचंच असावं: आभार, नेमणूक संपवत असल्याची सूचना, मूळ कागदांची यादी, ते कधी न्यायला येऊ.

मूळ कागदांची यादी यासाठी, की एनओसीचं नाव घेऊन खरी अडवणूक होते ती फाईलवर. "आधी फीचा हिशेब करा, मग फाईल न्या." हे ऐकून माणूस गप्प बसतो, कारण त्याला ते न्याय्यच वाटतं. दुकानदार बिल दिल्याशिवाय माल देत नाही, तसंच हेही. पण सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच मुद्दा 2000 साली निकाली काढला. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेने आपल्या वकिलाचं काम थांबवून फाईली मागितल्या होत्या, आणि थकीत फी दिल्याशिवाय त्या देणार नाही अशी वकिलाची भूमिका होती. न्यायालयाने म्हटलं की पक्षकाराच्या केसचे कागद म्हणजे करार कायद्याच्या कलम 171 मधला 'माल' नव्हे. फीसाठी ते अडकवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, आणि अडकवले तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. फी राहिली असेल तर तिच्या वसुलीसाठी वकिलाने वेगळा कायदेशीर मार्ग धरावा. पक्षकाराला कोणत्याही कारणाने वकील बदलायची मोकळीक आहे, हेही त्याच निकालात आहे.

फी बुडवा, असा याचा अर्थ नाही. ज्याने एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि विमा पॉलिसीची नक्कल मिळवून दावा उभा केला, त्याच्या कामाचे पैसे द्यावेत, आणि पावती घ्यावी. वाद असतो तो टक्क्यांचा. "तुम्हाला आत्ता काही द्यायचं नाही, निकाल लागला की वीस टक्के" असं ठरलेलं असतं, आणि वकील बदलायची गोष्ट निघताच ते वीस टक्के समोर येतात. आपल्याकडे दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तेलंगणातल्या एका विधवेचं प्रकरण आलं होतं. नवरा 1998 मध्ये अपघातात गेलेला. भरपाईच्या दाव्यात तिने वकिलाला दहा लाख रुपये आधीच दिले होते, तरी आणखी तीन लाखांचा चेक त्याने घेतला. तो वटला नाही, म्हणून तिच्यावरच चेक बाउन्सची केस झाली. न्यायालयाने ती केस रद्द केली आणि टक्केवारीची फी बेकायदा असल्याचं सांगितलं. तेव्हा टक्क्यांच्या बोलीवर कोरा चेक कुणी मागितला तर तिथेच थांबा.

वकिलाविरुद्ध रागाच्या भरात ग्राहक आयोगाकडे धावू नका. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिलेला आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच बार कौन्सिल आहे. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 35 खाली तक्रार तिथे होते. फाईल खरोखरच दाबून ठेवली असेल तर ती करावी, पण तिच्या निकालाची वाट बघत दावा थांबवून ठेवू नये. दरम्यान कोर्टाच्या नक्कल विभागातून अर्ज, लेखी म्हणणं, पुरावा, रोजनामा या सगळ्याच्या प्रमाणित नकला निघतात. कपाटातली फाईल नाही मिळाली, तरी कोर्टातलं रेकॉर्ड कुणी घरी नेलेलं नाही.

उलट बाजूचा प्रकारही याच गोंधळात मिसळतो. वकील स्वतःहून बाजूला होतात आणि कोर्टात 'नो इन्स्ट्रक्शन' पुरसीस देतात, म्हणजे पक्षकार भेटत नाही, सूचना देत नाही असं लेखी निवेदन. ही एनओसी नव्हे. इथे नवीन वकील कुणीच नसतो आणि पुढच्या तारखेला पुकारा झाल्यावर कुणी उभं राहिलं नाही तर दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो. पुरेशी सूचना दिल्याशिवाय वकिलाने काम सोडू नये असा नियम आहे. अशा वेळी पक्षकाराला कोर्टाने नोटीस काढावी, हेही सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात एकाहून अधिक वेळा सांगितलं आहे. तरी पत्ता बदललेला, फोन बंद, नोटीस परत आलेली, असं घडतंच. जुन्या वकिलांसोबत दुसरा वकील जोडणं हा आणखी वेगळा मामला. तिथे कुणाचं वकीलपत्र उतरत नाही, दोघांची नावं राहतात.

कोणत्या टप्प्यावर बदलताय, यावर पुष्कळ काही ठरतं. दावा दाखलच झालेला नसेल तर एनओसीचा प्रश्न येत नाही, कारण कोर्टात वकीलपत्रच नाही. तिथे धास्ती मुदतीची. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे, आणि वकील बदलला म्हणून ते घड्याळ थांबत नाही.

पुरावा चालू असताना बदल करणं सगळ्यात नाजूक. अपघाताच्या दाव्यात आकडा ठरतो तो डॉक्टरांच्या साक्षीवर. दाखल्यावर चाळीस टक्के अपंगत्व लिहिलंय म्हणून कमाई चाळीसच टक्के घटली असं धरत नाहीत. तोच पाय गेला तर ट्रक चालवणाऱ्याचा रोजगार संपतो, टेबलावर काम करणाऱ्या कारकुनाचा पगार कदाचित तसाच राहतो. हा फरक डॉक्टरांच्या आणि तुमच्या साक्षीतूनच रेकॉर्डवर येतो. जुन्या वकिलांनी डॉक्टरांना न बोलावताच पुरावा संपल्याची पुरसीस दिली असेल, तर नवीन वकिलाला आधी पुरावा पुन्हा उघडण्याचा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर करणं कोर्टाच्या मर्जीवर. म्हणून नवीन वकिलाला पहिल्या भेटीत "जिंकू का" असं विचारण्याऐवजी "डॉक्टरांची साक्ष झाली का" हे विचारा. ते त्यांना रोजनामा न बघता सांगता आलं, तर ते अंदाजाने बोलतायत.

निकालानंतर हायकोर्टात अपील करायचं तर 90 दिवस असतात. तिथे वकीलपत्र नव्याने भरतात, त्यामुळे जिल्ह्यातल्या वकिलाच्या एनओसीसाठी सहसा कुणी अडत नाही. ज्याची ऐपत नाही त्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. बायका, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा नंबर 15100.

आणि एनओसी मिळाली तरी काम झालं असं समजू नका. जुन्या वकिलांनी कोपऱ्यात सही केली, तुम्ही पेढे वाटले, पण नवीन वकीलपत्र क्लार्कच्या बॅगेतच राहिलं, असंही होतं. तोवर लोकअदालतीची तारीख येऊन जाते, आणि तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडा, तुमच्या केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाका आणि अर्जदाराच्या नावाखाली वकिलाचं कोणतं नाव दिसतंय ते बघा. पुढची तारीख होऊन गेल्यावरही जुनंच दिसत असेल, तर नवीन वकिलांना सोबत घेऊन शिरस्तेदारांच्या, म्हणजे कोर्टाचं दफ्तर सांभाळणाऱ्यांच्या, टेबलापर्यंत जा आणि वकीलपत्र कोणत्या निशाणीला, म्हणजे फाईलमधल्या कोणत्या कागद-क्रमांकाला, लागलंय ते विचारून घ्या.