वेटसूट, हलका : ऋतुसंधीतील सर्फिंगसाठी

सर्फिंग करताना अंगाची ऊब टिकून राहावी म्हणून घालायचा, सूक्ष्म बुडबुड्यांनी भरलेल्या निओप्रीन रबराचा, अंगालगत बसणारा पोशाख. त्याच्या १ ते ३ मिमी जाडीच्या प्रकारांना या नोंदीत हलका वेटसूट म्हटले आहे. पाणी उघड्या अंगाने तासभर सोसवत नाही आणि ४ मिमीच्या सुटात मात्र गुदमरायला होते, अशा मधल्या काळासाठी तो असतो. नाशिकला समुद्र नाही. तरी येथील मंडळी डहाणू-मालवणपासून श्रीलंका, ओमान, पोर्तुगाल, ऑस्ट्रेलियापर्यंत लाटांवर जातात आणि थंडीत गंगापूर धरणाच्या पाण्यात सराव करतात. सूट बहुधा दुकानात घालून न पाहता मागवावा लागतो, त्यामुळे निवडीचा प्रश्न त्यांच्यापुढे जरा अधिक अवघड होऊन येतो.

उगम : वेटसुटाचा जनक कोण, याविषयी एकवाक्यता नाही. कच्च्या मालाचा इतिहास त्या मानाने स्पष्ट आहे. ज्यूलियस न्यूलँड यांच्या ॲसिटिलीनवरील संशोधनाच्या आधारे ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये पॉलिक्लोरोप्रीन हे कृत्रिम रबर तयार झाले. पुढच्या वर्षी ते ‘ड्यूप्रीन’ या नावाने बाजारात आले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला निओप्रीन हे नाव मिळाले. त्याचा फेस करून तक्ते पाडण्याची प्रक्रिया दुसऱ्या महायुद्धानंतर उपलब्ध झाली, असे मानले जाते.

पोशाखाच्या कल्पनेवर मुख्यतः तीन दावे आहेत. पहिला ह्यू ब्रॅडनर (१९१५–२००८) यांचा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील हे भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकी नौदलात पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्या माणसांच्या अडचणींचा विचार करत होते. अंग कोरडे राहिलेच पाहिजे असे नाही, कापडातच हवेचे बुडबुडे कोंडले तर ओल्या अंगालाही ऊब राहते, हा विचार त्यांनी मांडला. त्यासाठी बंद बुडबुड्यांचे निओप्रीन वापरावे, ही सूचना स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील अभियंता विलर्ड बॅस्कम यांची होती. ब्रॅडनर यांच्या १९५१ सालच्या पत्रव्यवहारात ही कल्पना आढळते. मात्र त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला पेटंटचा अर्ज फेटाळला गेला आणि नौदलानेही उत्साह दाखवला नाही. वायूचे बुडबुडे असलेला पोशाख घातलेला पाणबुड्या सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेवर) उठून दिसेल, अशी नौदलाला शंका होती.

दुसरा दावा जॅक ओनील (१९२३–२०१७) यांचा. त्यांनी १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर सर्फचे दुकान उघडले आणि आधी दुसऱ्या फेसयुक्त प्लॅस्टिकचे, मग निओप्रीनचे बिनबाह्यांचे अंगरखे विकायला सुरुवात केली. विमानाच्या गालिच्याखाली निओप्रीन पाहून त्यांना ही कल्पना सुचली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन कागदोपत्री आधार मात्र दुबळा आहे. तिसरा दावा रिडाँडो बीच येथील बिल आणि बॉब मेस्ट्रेल या जुळ्या भावांचा असून तो १९५३ च्या सुमाराचा आहे. या कथेत विमानाऐवजी शीतकपाटातील उष्णतारोधक अस्तर येते. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्यूशा यांनीही त्याच वर्षाच्या आसपास स्वतंत्रपणे असा पोशाख केल्याचे सांगतात. १९९० च्या दशकाअखेरीस स्क्रिप्स संस्थेत झालेल्या कागदपत्रांच्या छाननीनंतर अग्रक्रम ब्रॅडनर यांच्याकडे झुकला आणि तोच अधिक ग्राह्य वाटतो. सर्फिंग करणाऱ्यांच्या अंगावर सूट चढवण्याचे श्रेय मात्र ओनील यांच्याकडून काढून घेता येत नाही. आरंभीचे रबर उघडे असे. घालताना ते फाटू नये म्हणून अंगाला पावडर चोपडावी लागे. रबराला नायलॉनचे अस्तर चिकटवण्याची पद्धत आली आणि ही कटकट संपली.

ऊब कशी राहते : आत शिरलेले पाणी अंगाने तापते आणि तेच ऊब देते, ही समजूत जवळजवळ सर्व जाहिरातींत आढळते. ती अर्धीच खरी आहे. ऊब टिकते ती निओप्रीनमधील वायूच्या बुडबुड्यांमुळे. आतल्या पाण्याचा थर पातळ आणि स्थिर असावा एवढेच. तो नसला तरी काही बिघडत नाही. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असते, निओप्रीनच्या फेसाची पाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

ढोबळ हिशोब असा. त्वचा ३० अंश, पाणी १८ अंश आणि सुटाने झाकलेले अंग दीड चौरस मीटर धरले, तर पूर्ण पाण्यात असताना २ मिमीच्या सुटातून दर सेकंदाला सुमारे ४५० जूल आणि ३ मिमीच्या सुटातून सुमारे ३०० जूल उष्णता जाते. म्हणजे एका मिलिमीटरने साधारण १५० वॅट वाचतात. (प्रत्यक्षात सर्फर बराच वेळ फळीवर असतो, म्हणून दोन्ही आकडे आणि त्यांतील फरकही कमी होतो.) आता मानेतून किंवा पाठीच्या झिपमधून दर पाच मिनिटांनी एक लिटर नवे पाणी आत येऊन जुने बाहेर पडत असेल, तर ते तापवण्यात ५० किलोजूल, म्हणजे सुमारे १६५ वॅट खर्च होतात. जाडीने कमावलेले सगळे ढिल्या मापाने गमावले जाते. म्हणून अंगाला चपखल बसणारा २ मिमीचा सूट ढगळ ३ मिमीपेक्षा बहुधा उबदार ठरतो. निवडीत माप आधी आणि जाडी नंतर पाहावी, असे जाणकार सांगतात ते यामुळेच.

वाऱ्याचा हिशोब वेगळा. फळीवर बसून लाटेची वाट पाहताना छाती आणि पाठ पाण्याबाहेर असतात. बाहेरून कापड असलेला सूट पाणी धरून ठेवतो आणि ते वाऱ्याने उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. बाहेरून गुळगुळीत रबर असले तर पाणी ओघळून जाते. छातीपाठीवर गुळगुळीत रबर आणि हातापायांना कापड अशी रचना वाऱ्याच्या किनाऱ्यांसाठी योग्य. गुळगुळीत रबर नखाने चटकन कापले जाते, ही त्याची किंमत.

ऋतू हवेचा आणि पाण्याचा : पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे त्याचा ऋतू हवेच्या एक-दोन महिने मागे चालतो. सिडनीच्या किनाऱ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी सर्वांत थंड, १७ अंशांच्या आसपास असते. हवेत तेव्हा वसंत लागत असतो आणि नवखा माणूस शॉर्टी (आखूड बाह्यांचा, आखूड पायांचा सूट) घेऊन जातो. उलट मार्चमध्ये शरद लागूनही पाणी २३ अंशांजवळ असते. पोर्तुगालच्या मध्य किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये १४-१५ आणि उन्हाळ्याच्या शेवटी १८-१९ अंश असतात. तेथे हलका म्हणजे ३/२ (धड ३ मिमी, हातपाय २ मिमी) हाच खालचा टप्पा समजावा. ओमानच्या अरबी समुद्राकडील किनाऱ्यावर तर क्रम पुरता उलटतो. आपल्याकडे पाऊस घेऊन येणारे नैर्ऋत्य वारे तेथे खोल समुद्रातले थंड पाणी वर आणतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २०-२२ अंशांपर्यंत उतरते.

कोकणात समुद्र मे महिन्यात ३० अंशांजवळ जातो, पावसाळ्यात उतरतो, ऑक्टोबरमध्ये पुन्हा थोडा चढतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत २५ च्या आसपास येतो. तेथे पूर्ण सुटाची गरज नाही. रॅशगार्ड (पातळ, ताणदार कापडाचा अंगालगतचा सदरा) किंवा पहाटेच्या वाऱ्यासाठी १ मिमीचा अंगरखा पुरतो. नाशिकहून त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू गाठणाऱ्याने ३/२ सूट नेला, तर थंडीपेक्षा उकाड्यानेच त्याचे डोके दुखू लागेल.

जाडीची निवड : पुढील मर्यादा तासाभराच्या सत्रासाठी, मध्यम बांध्याच्या माणसासाठी आणि मंद वाऱ्यात धराव्यात. २४ अंशांच्या वर रॅशगार्ड. २१ ते २४ मध्ये १ ते १.५ मिमीचा अंगरखा किंवा २ मिमीची शॉर्टी. १८ ते २१ मध्ये लांब बाह्यांचा, आखूड पायांचा स्प्रिंगसूट किंवा २ मिमीचा पूर्ण सूट. १५ ते १८ मध्ये ३/२. त्याखाली हलक्या सुटाचे काम नाही. जोराचा वारा, ढगाळ पहाट, सडपातळ अंग किंवा दोन तासांचे सत्र यांपैकी एक गोष्ट असेल तर एक पायरी खाली, म्हणजे अधिक जाड सुटाकडे उतरावे, दोन असतील तर नक्कीच. सुटाच्या आत लोकरीसारखे उबदार अस्तर देण्याची हल्ली टूम आहे. ऋतुसंधीत ते नको. ते वाळायला वेळ लागतो आणि सतत वल्हवणाऱ्याला त्याचा उबारा होतो.

एकच सूट घ्यायचा तर २ मिमीचा पूर्ण घ्यावा की ३/२, यावर मतभेद आहेत. भारतातून प्रवास करणाऱ्याला ३/२ सोयीचा, असे या नोंदीचे मत. थंड पाण्याच्या देशांत त्याला पर्याय नाही आणि उबदार पाण्यात तो तसाही घरीच राहतो.

शिवण आणि झिप : ओव्हरलॉक शिवण आतून फुगीर असते आणि काचते, ती स्वस्त सुटांत येते. फ्लॅटलॉक शिवण सपाट आणि मजबूत, पण तिची सुई आरपार जाते आणि प्रत्येक टाक्यातून पाणी झिरपते. १९-२० अंशांवर हे चालते, किंबहुना शॉर्टीत तीच बरी. ३/२ सूट घेताना मात्र कडा चिकटवून अर्ध्या जाडीतच टाका घेतलेली ब्लाइंडस्टिच शिवण पाहावी. ओळखण्याची खूण म्हणजे आतून टाके दिसतात आणि बाहेरून दिसत नाहीत, किंवा याच्या उलट. दोन्हीकडून दिसले तर फ्लॅटलॉक. पाठीची झिप घालायला सोपी, पण पाणी तिथूनच शिरते. छातीची झिप कमी गळते, मात्र खांदे रुंद असतील तर सूट काढताना कसरत होते.

माप : घरबसल्या मागवताना उंची, छाती, कंबर, नितंब आणि वजन ही पाचही मापे त्या कंपनीच्या तक्त्याशी जुळवावीत. ती एकाच आकारात बसली नाहीत तर छाती आणि उंचीला प्राधान्य द्यावे. उंच-सडपातळ अंगासाठी बहुतेक कंपन्या वेगळा आकार ठेवतात.

सूट कोरड्या अंगावर घालून पाहावा. पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन आत जातो. आधी घोटे आणि गुडघे जागेवर आणून कापड मांड्यांवरून बोटांच्या पेरांनी वर सरकवावे. नखांनी ओढले की चंद्रकोरीच्या आकाराचा छेद पडतो. जांघेत फट राहिली तर खांद्यावर ताण येतो आणि दोष बाहीला दिला जातो. म्हणून खालून वर असाच क्रम ठेवावा. मग दोन्ही हात वर करून वल्हवल्यासारखे फिरवावेत आणि उकिडवे बसावे. काखेत चुण्या, कमरेच्या वर पाठीच्या खोलगट भागात पोकळी किंवा मानेशी दोन बोटे सहज जाण्याइतकी सैल पट्टी असेल, तर सूट परत पाठवावा. कोरडेपणी किंचित घट्ट वाटलेच पाहिजे. ओले झाल्यावर कापड सैलावते. श्वास पूर्ण घेता येत नसेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर मात्र तो लहान आहे. परत पाठवायचा सूट भिजवू नये. माप पक्के झाल्यावर पाण्यातली पहिली चाचणी जलतरण तलावात घेता येते. नंतर लगेच साध्या पाण्याने धुवावा, कारण क्लोरीन रबर कडक करते.

नाशिकमधील वापर : गंगापूर धरण हे गोदावरीवरील मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः तेथून मिळते, म्हणून जेथे परवानगी आहे तेथेच उतरावे. लाटा नसल्याने येथे होतो तो वल्हवण्याचा, फळीवर उठण्याचा आणि उभ्याने वल्हवण्याचा सराव. डिसेंबर-जानेवारीत निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा पारा एक आकडी झाला आणि बागायतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवू लागले की पहाटे कपाटातून सूट बाहेर काढण्याची घाई होते. धरणाचे पाणी मात्र तितके गार झालेले नसते. साध्या तापमापकाने हातभर खोलीवर मोजून ठरवावे. बहुधा २ मिमीचा सूट पुरतो आणि खरी थंडी बाहेर आल्यावर, कोरड्या वाऱ्यात वाजते. काठावर टॉवेल, कानटोपी आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट तयार ठेवणे सुटाच्या जाडीइतकेच महत्त्वाचे आहे. निओप्रीन तरंगते, पण वेटसूट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे.

निगा : वापरानंतर सूट उलटा करून थंड, साध्या पाण्यात भिजवावा, झिपवर पाणी सोडावे आणि सावलीत, कमरेतून जाड दांडीवर दुमडून वाळवावा. बारीक हँगरवर खांद्यांतून टांगला तर ओल्या सुटाच्या वजनाने खांदे ताणले जातात. एप्रिलमध्ये गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेला सूट लवकर कडक होतो आणि गोंदाच्या शिवणी उकलतात. कोकणातून घाट चढून येताना तो ओलाच बांधून आणला तर वासही जात नाही. वॉशिंग मशीन, इस्त्री आणि गरम पाणी वर्ज्य. मान काचत असेल तर पेट्रोलियम जेली टाळून मेणाचे मलम लावावे.

नखाचा छेद निओप्रीनच्या गोंदाने जोडता येतो. सूट पूर्ण वाळवून दोन्ही कडांना पातळ थर द्यावा, पाच-दहा मिनिटांनी दुसरा द्यावा, तो बोटाला चिकटेनासा झाला की कडा दाबून धराव्यात आणि दिवसभर हात लावू नये. ओल्या कडेवर किंवा एकाच जाड थरात गोंद लावल्याने जोड सुटतो. काखेतील शिवण वारंवार उकलत असेल तर दोष गोंदाचा नसून बहुधा मापाचा असतो.

चुनखडीपासून बनवलेले निओप्रीन आणि २०१० नंतर पुढे आलेले नैसर्गिक रबराचे सूट यांचा ऊब आणि लवचीकपणा नेहमीच्या निओप्रीनच्या जवळपास असतो. निवडीचे वरील निकष त्यांनाही लागू पडतात.