पावलं उपग्रह मोजत नाही

सारसबागेत पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींत एक समज पक्का बसलाय: मनगटावरचा बँड उपग्रहावरून पावलं मोजतो. त्यामुळे ढगाळ दिवशी आकडा कमी भरला की खापर पावसावर!

पावलं मोजायला उपग्रह लागतच नाही. बँडमध्ये जीपीएस असलंच, तर ते रस्ता नि अंतर सांगायला. फोन घरी ठेवून जा, मोजणी चालूच राहते. ब्लूटूथचं काम आकडा फोनपर्यंत पोचवण्यापुरतं.

मोजतो तो आतला ॲक्सेलरोमीटर. जेमतेम २ मिलिमीटरची चिप. तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. बसने अचानक वेग घेतला की उभे प्रवासी मागे झुकतात ना, तसा हात हलला की हा तुकडा मागे रेंगाळतो. शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युत धारिताही, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता. तीन दिशांतले हे बदल सेकंदाला अनेकदा टिपले जातात; त्यांत चालण्याची लय सापडली की सॉफ्टवेअर म्हणतं, पडलं पाऊल.

थोडक्यात, बँडला हात कळतो, पाय नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या कठडा घट्ट धरून चढलात तर काही पावलं गळणारच. माझा भाचा ढोलपथकात आहे. गेल्या विसर्जनाला मिरवणूक तासभर अडली होती, हा जागच्या जागी वाजवत होता, तरी बँडवर पावलं धो धो वाढत होती. आईला मात्र त्याने तो आकडा चालण्याचाच म्हणून दाखवला.