गोल, चौकोन, त्रिकोण : अमूर्त चित्र फ्रेमला देण्याआधी

‘या चौकोनाचा अर्थ काय?’ आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या दुकानात आधुनिक अमूर्त चित्रांच्या प्रिंट फ्रेमला घेऊन येणारी मंडळी हमखास विचारतात. अमुक आकाराचा तमुक अर्थ, असं कोष्टक कुठेच नाही. चित्रकार बदलला की अर्थ बदलतो आणि त्याप्रमाणे फ्रेमही बदलावी लागते.

रशियन चित्रकार मालेविचचा काळा चौकोनच घ्या. 1915 साली पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात त्याने तो भिंतीवर मधोमध लावला नाही. छताजवळच्या कोपऱ्यात लावला. रशियन घरांत देवाच्या तसबिरीची ती जागा. म्हणजे त्याच्या लेखी हा चौकोन पूजनीयच होता. ‘भोवतालचं पांढरं कापा, फ्रेम स्वस्तात बसेल,’ असं काही ग्राहक सुचवतात. कृपया तसं करू नका. तो पांढरा भाग चित्राचाच आहे. शिवाय या चौकोनाच्या बाजू काटेकोर सरळ नाहीत, हाताने रंगवल्याचं त्यात दिसतं. माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, काळ्या कडेला भिडवून कापला, तर ते जिवंतपण आमच्या कारागिराची चूक वाटेल. आम्ही प्रिंटचा पांढरा भाग पूर्ण राखून त्याबाहेर माउंट देतो.

चित्रकार कान्डिन्स्कीला त्रिकोण पिवळा, चौकोन लाल आणि वर्तुळ निळं वाटे. 1923 मध्ये बाऊहाऊस या जर्मन कलाशाळेत त्याने प्रश्नावली वाटून इतरांनाही विचारलं होतं. हा त्याचा अनुभव. सोफ्याच्या रंगाशी त्याचा संबंध जोडू नये.

आपले चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा बिंदू मात्र आपल्याला जवळचा. लहानपणी लक्ष लागेना म्हणून शिक्षकांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं होतं, हे रझाच सांगत. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांत बीज आणि सृष्टीचं केंद्र झाला. आपल्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छताचं, मध्यातून उमललेलं दगडी कमळ खालून पाहिलंय ना? मग हे वेगळं समजवायला नको. रझांच्या त्रिकोणांत टोक वर की खाली याला महत्त्व आहे : वर पुरुष, खाली प्रकृती. अशी प्रिंट उलटी टांगली गेली तर चित्रच बिघडतं. म्हणून प्रिंट देताना वरची बाजू कोणती ते सांगा, मागे पेन्सिलीने बाण काढून आणलात तर उत्तमच.

आणि बेळगावचा पाऊस ध्यानात ठेवून फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावून घ्या. भिंतीची ओल प्रिंटला लागत नाही. याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.