तुमच्या हातातली बियर कोणाची?
(आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, टेबलावरच ठेवावे)

काउंटरवर हटकून येणारा प्रश्न : "किंगफिशर अजून मल्ल्यांचीच ना?" नाही. 2021 च्या जूनमध्ये मल्ल्यांचे जप्त शेअर कर्जवसुलीसाठी विकले गेले. नेदरलँड्सच्या हाइनेकेनने ते सुमारे 5,825 कोटी रुपयांना घेतले आणि किंगफिशर बनवणाऱ्या बंगळूरच्या युनायटेड ब्रुअरीजमधला तिचा वाटा 61.5 टक्क्यांवर गेला. लेबलवरचा पक्षी तोच राहिला.

हाइनेकेन मुळात आत शिरली कशी, हे जास्त मजेशीर आहे. युनायटेड ब्रुअरीजमध्ये एडिनबरोच्या स्कॉटिश अँड न्यूकॅसलचा मोठा हिस्सा होता. 2008 मध्ये हाइनेकेन आणि डेन्मार्कची कार्ल्सबर्ग यांनी मिळून ती स्कॉटिश कंपनी विकत घेतली आणि आपसांत वाटून टाकली. भारतातला हिस्सा हाइनेकेनच्या पदरी पडला. बंगळूरमध्ये कोणी काही विकलं नव्हतं, तरी भागीदार बदलला!

आता फ्रीजचं दुसरं दार उघडा. बडवायजर, कोरोना, होगार्डन, हेवर्ड्स 5000, नॉकआउट. भाव वेगळे, गिऱ्हाईक वेगळं, कंपनी एकच : एबी इनबेव्ह. हेवर्ड्स पूर्वी शॉ वॉलेसची. तो बियरचा धंदा सॅबमिलर या परदेशी बियर कंपनीने घेतला आणि 2016 मध्ये अख्खी सॅबमिलरच एबी इनबेव्हने शंभर अब्ज डॉलरच्या वर मोजून गिळली. स्वतः एबी इनबेव्हसुद्धा अशीच जोडाजोडीतून झालेली : ब्राझीलच्या दोन कंपन्यांची एक, ती 2004 मध्ये बेल्जियमच्या इंटरब्रूशी एकत्र, मग 2008 मध्ये बडवायजरवाली अमेरिकन कंपनी 52 अब्ज डॉलरला. कोरोना 2013 मध्ये आली, पण अमेरिकेत ती विकण्याचा हक्क दुसऱ्याच कंपनीला द्यावा लागला. तिथल्या सरकारला एकाच्या हाती इतकी बियर नको होती. टुबोर्ग कार्ल्सबर्गची, हे बहुतेकांना ठाऊक असतंच.

आपल्याकडे हे विलीनीकरण इतकं का फावलं? बियर म्हणजे मुख्यतः पाणी, लांब नेणं परवडत नाही. त्यात प्रत्येक राज्याचं अबकारी खातं निराळं, परराज्यातला माल आणायचा तर वेगळी फी. म्हणून राज्याराज्यात कारखाना हवा, आणि नवा परवाना काढण्यापेक्षा चालू ब्रुअरी विकत घेणं सोपं.

मालक मोजके झाले की भाव ठरवणंही सोपं होतं. सप्टेंबर 2021 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने संगनमताने भाव ठरवल्याबद्दल युनायटेड ब्रुअरीजला सुमारे 752 कोटी आणि कार्ल्सबर्गला सुमारे 121 कोटींचा दंड ठोठावला. एबी इनबेव्ह सुटली, कारण तिनेच आधी जाऊन सगळं सांगितलं होतं. दंडाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या.

मालक बदलला म्हणून चव बिघडली, अशी तक्रार आम्ही ऐकतो. आमचं मत विचाराल तर बिघाड बहुधा उन्हात राहिलेल्या क्रेटचा असतो. हिरव्या आणि पारदर्शक बाटलीला ऊन फार लवकर बाधतं. बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. माल कुठे तयार झाला, कधी भरला, ते तिथे असतं. परदेशी नावाखाली भारतातल्याच कारखान्याचा पत्ता दिसला तर दचकू नका, ती नकली नव्हे.

या तिन्ही घरांबाहेरचं काही हवं असेल तर आपल्या मध्य प्रदेशातच आहे : भोपाळच्या सोम कंपनीची हंटर बियर, किंवा इंदूरजवळच्या माउंट एव्हरेस्ट ब्रुअरीजचा माल. पुरवठा रोज सारखा नसतो, तेव्हा आधी वेटरला विचारा. मेनूकार्डात आता प्रत्येक ब्रँडखाली कंपनीचं नाव छापलं आहे. शेवेची प्लेट मागवलीत तर तिखट की साधी तेवढं सांगा. 21 वर्षांखालील कोणालाही बियर दिली जाणार नाही. ओळखपत्र मागितलं तर राग मानू नये.