पावसानं मारलेली होडी

मालवणजवळच्या देवबागच्या एका माडबागेत ती होडी पाच पावसाळे उघड्यावर पडून होती. १४ फुटांची, फायबरची, पूर्वी पर्यटकांना कर्ली नदीच्या मुखापाशी फिरवून आणणारी छोटी स्पीडबोट. निळा रंग विटून खडूसारखा झालेला, हात फिरवला की तळव्यावर पांढरी भुकटी. आत वीतभर पाणी, त्यात माडाच्या चुडतांचा कुजका लगदा, आणि तळाचं बूच मात्र घट्ट लावलेलं. मी ती विकत घेतली तेव्हा होड्यांचं मला काहीही कळत नव्हतं. घासायची, रंग द्यायचा, मागे मशीन, म्हणजे इंजिन, लावायचं, एवढंच काम दिसत होतं.

वाडीत फायबरचं काम करणारे एक काका आहेत. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, खिशातून नाणं काढलं आणि कडेकडेनं टकटक करत निघाले. बाजूच्या भिंतीवर टण् टण् असा कोरडा, खणखणीत आवाज येत होता. मागच्या फळीपाशी, म्हणजे जिथे मशीन लटकतं त्या ट्रान्समपाशी पोचल्यावर तोच आवाज एकदम भद्द झाला, ओल्या पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. काकांनी तिथे ड्रिलनं एक बारीक भोक पाडलं. भोकातून चहासारखं तपकिरी पाणी ओघळलं आणि मागोमाग कुबट वास आला.

“दर्यान मारूक नाय हिका,” काका म्हणाले. “पावसान मारल्यान.”

हे वाक्य मला तेव्हा बोलण्याची एक तऱ्हा वाटली होती. ते शब्दशः खरं आहे, हे पुढे कळलं. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला खायला लाकूड लागतं, ऊब लागते, थोडी हवा लागते आणि पाणी लागतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर तिचं काही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढ्या खाऱ्या पाण्यात लाकूड झपाट्यानं कुजवणाऱ्या बहुतेक बुरशींच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. लोणच्यात मीठ करतं तेच. गोड्या पाण्यात हा अडसर नसतो. त्यामुळे वर्षानुवर्षं समुद्रात वावरलेली होडी किनाऱ्यावर, पावसाच्या पाण्यानं भरून, काही वर्षांत आतून संपते.

पण फायबरच्या होडीत लाकूड आलं कुठून? त्यासाठी आधी फायबर म्हणजे काय ते पाहू. ते मुळात काचेचे तंतू.

काच ठिसूळ असते, हे घरातलं लहान मूलही जाणतं. अशा वस्तूची होडी करण्याची कल्पना वेडगळ वाटावी. या कोड्याचं उत्तर इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्यानं १९२० साली शोधलं. त्यानं काचेचे तंतू ओढले, एकापेक्षा एक बारीक, आणि ते ताणून तोडले. जवळजवळ मिलिमीटरभर जाडीची काच ज्या ताणाला तुटली, त्याच्या सुमारे २० पट ताण सगळ्यात बारीक तंतूनं सोसला. काच तीच, ताकद मात्र वेगळी. ग्रिफिथचं म्हणणं असं की काच तुटते ती पृष्ठभागावरच्या सूक्ष्म भेगांपासून. ताण दिला की भेगेच्या टोकाशी तो एकवटतो आणि भेग धावत सुटते. तंतू जितका बारीक, तितकी मोठी भेग त्यात असण्याची शक्यता कमी. शिवाय हजारो तंतूंच्या जुडग्यात एक तुटला, तर भेग तिथेच संपते, शेजारच्या तंतूत उडी मारत नाही.

उरला प्रश्न हे तंतू एकत्र धरून ठेवण्याचा. मोठ्या भट्टीशिवाय, साध्या तापमानाला घट्ट होणारं पॉलिएस्टर रेझिन हे चिकट द्रव हाती आलं आणि तोही सुटला. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडोमध्ये रे ग्रीन यानं १९४२ साली काच आणि पॉलिएस्टर मिळून एक छोटी शिडाची होडी बनवली. फायबरच्या होड्यांची गोष्ट सांगताना सुरुवात बहुधा तिथूनच केली जाते.

तर फायबरचा पत्रा ओढायला फार मजबूत, पण पातळ असला की वाकतो. तो ताठ करण्याचा एक उपाय जाडी वाढवणं. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. पण सगळी जाडी फायबरची केली तर होडी जड आणि महाग होते. म्हणून दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये हलकं काहीतरी भरतात. ट्रान्सममध्ये प्लायवूड, तळाला आतून बसवलेल्या लांब पट्ट्यांत लाकूड. वाकताना बाहेरचा पत्रा ताणला जातो, आतला दाबला जातो, आणि मधल्या लाकडाचं काम एकच: दोघांना एकमेकांपासून दूर आणि एकमेकांशी बांधून ठेवायचं. लाकूड कुजलं की हे बंधन सुटतं. पत्रे दोन्ही धडधाकट असतात, दिसायला होडी आहे तशीच असते, पण आता ते दोन सुटे पातळ पत्रे आहेत. त्यावर ७०-८० किलोचं मशीन लटकतंय. पंखा पाण्याखाली पुढे रेटतो तेव्हा मशीनच्या कंसाचा खालचा भाग ट्रान्सममध्ये रुततो आणि वरचा बाहेर खेचला जातो. भर वेगात ट्रान्सम फाटून मशीन समुद्रात गेलं, तर मागे उरतं ते मागची भिंत नसलेलं भांडं.

म्हणून नवख्या माणसाला माझं कळकळीचं सांगणं आहे की रंगाचा विचार शेवटी करा. मशीन लावलेली जुनी होडी बघायला गेलात तर मशीनची खालची टोकाची बाजू हातात धरून वर-खाली रेटा आणि ट्रान्समकडे नजर ठेवा. तो जरासुद्धा हलला तर आतलं लाकूड बहुधा कुजलेलं आहे.

आम्ही ट्रान्समचा आतला पत्रा ग्राइंडरनं कापून काढला. आतलं प्लायवूड हातानं निघत होतं, ओल्या केकसारखं. जिथे जिथे पूर्वी कुणीतरी बोल्ट ठोकले होते, तिथून काळे डाग पसरत गेलेले स्पष्ट दिसत होते. एकेका बोल्टच्या भोकातून थेंब-थेंब पाणी लाकडाच्या कापलेल्या कडेत शिरलं होतं. लाकूड आपल्या रेषांच्या दिशेनं पाणी फार वेगानं ओढतं, तिथेच त्याच्या नळ्या उघड्या असतात. बसायच्या फळीखाली तरंगण्यासाठी भरलेला फोमही तसाच निघाला. साधारण ३० लिटर आकारमानाचा कोरडा ठोकळा जेमतेम किलोभराचा असतो. मला तो दोन्ही हातांनी उचलावा लागला. स्पीडबोटीला हे वजन फार नडतं. पाण्यावर १४ फूट टेकलेली होडी पाणी कापत जाते तेव्हा ताशी ९ किलोमीटरच्या आसपास ती स्वतःच्याच लाटेच्या चढात अडकते. त्यापुढे जायचं तर लाट चढून पाण्यावर स्वार व्हावं लागतं, आणि तळाशी बसलेलं प्रत्येक किलो तिला मागे खेचतं.

मग आली रेझिनची पाळी, आणि माझी मोठी चूक.

पॉलिएस्टर रेझिन म्हणजे स्टायरिन या उग्र वासाच्या द्रवात विरघळलेल्या लांब साखळ्या. आपल्याकडे ते बहुधा तीन बाटल्यांत येतं: रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर. हार्डनर हा पेरॉक्साइड आहे. कोबाल्ट त्याचे तुकडे पाडतं, हे तुकडे स्टायरिनला जागं करतात, आणि स्टायरिन साखळ्यांना एकमेकांशी टाके घालत सुटतं. हजारो टाके पडले की द्रवाचं जाळं होतं आणि ते पुन्हा कधीही वितळत नाही. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट पूर्ण मिसळायचं, नंतर हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, चमचाभरही नाही. त्यांचा स्फोट होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय ती बाटली उघडूच नका. वासासाठी कापडी रुमाल काही कामाचा नाही, तो वाफ अडवत नाही. वाफेसाठी असलेला, कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो.

किलोभर रेझिनला साधारण १० ते २० ग्रॅम हार्डनर. एप्रिलच्या दुपारी, पारा ३४ वर असताना, मी अर्धा लिटर रेझिन मगमध्ये घेतलं, हार्डनर सढळ हातानं घातलं आणि ब्रश शोधायला गेलो. परत आलो तर मगमधून धूर निघत होता. प्लास्टिक वितळून मग एका बाजूला कलला होता, आणि आत पिवळी, तडकलेली ढेप.

टाके पडताना उष्णता बाहेर पडते. उष्णतेनं टाके आणखी वेगानं पडतात, त्यातून आणखी उष्णता. मगमध्ये ती बाहेर जायला वाट नसते. तेच रेझिन पातळ थरात पसरलं की उष्णता हवेत निघून जाते आणि सगळं शांतपणे घट्ट होतं. म्हणून थोडं थोडं कालवायचं, पसरट भांड्यात ओतायचं आणि काम सकाळी लवकर उरकायचं. थरसुद्धा एका दमात दोन-तीनच. हार्डनर मोजायला सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज उत्तम.

आता या सगळ्या कामातला मला सर्वात आवडलेला क्षण. काचेची मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, चौरस मीटरला ४५० ग्रॅमची, कोरडी असताना पांढरीशुभ्र असते, कापसाच्या लादीसारखी. काच पारदर्शक, मग मॅट पांढरी का? काच आणि हवा यांचे वक्रीभवनांक वेगळे आहेत. काचेचा सुमारे १.५५, हवेचा १. प्रत्येक तंतूच्या कडेवर प्रकाश वळतो, परततो, विखुरतो, आणि अशा लाखो कडा मिळून पांढरा रंग दिसतो. त्यावर रेझिनचा रोलर फिरवला की मॅट डोळ्यांदेखत नाहीशी होते. रेझिनचा वक्रीभवनांकही १.५५ च्या जवळ आहे. प्रकाशाला काच कुठे संपली आणि रेझिन कुठे सुरू झालं ते कळतच नाही. खालचं लाकूड स्वच्छ दिसू लागतं. जिथे पांढरा ठिपका उरला, तिथे हवा उरली. तो ठिपका हाच तुमचा परीक्षक. काका खाचांचा लोखंडी रोलर घेऊन एकेक ठिपका कडेपर्यंत ढकलत नेतात, बुडबुडा फुटेपर्यंत. मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन पुरतं. जास्त ओतलं म्हणजे मजबूत होतं, हा नवख्यांचा समज चुकीचा आहे. ताकद काचेची असते. नुसत्या रेझिनचे साचलेले डबके वाळल्यावर तडकतात.

नवा थर जुन्याला धरतो कसा, हा मुद्दा सगळ्या दुरुस्तीचा कणा आहे. कालचा थर आज जरा चिकट लागतो, कारण हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या टाक्यांत अडथळा आणतो. तिथे अजून जोडायला हात मोकळे असतात. त्यावर लगेच पुढचा थर दिला तर दोघांत रासायनिक टाके पडतात. वीस वर्षांपूर्वीच्या पत्र्यावर असा एकही मोकळा हात उरलेला नसतो. तिथे नवं रेझिन केवळ खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांत पकड घेतं. त्यामुळे गुळगुळीत, तेलकट किंवा दमट पत्र्यावर दिलेला नवा थर एखाद्या दिवशी सालीसारखा निघतो. आधी ॲसिटोननं पुसायचं, मग ४० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचं. पुसणं आधी, कारण घासताना मेण आणि तेल खाचांत दाबलं जातं. भोक पडलं असेल तर त्याची कड उतरती करायची: ५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला ६० मिलिमीटरचा उतार, म्हणजे एकास बारा. भार त्या लांब उतारावर पसरत एका पत्र्यातून दुसऱ्यात जातो. इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनची पकड पॉलिएस्टरपेक्षा चांगली, किंमतही बरीच जास्त. जुन्या पॉलिएस्टरवर ती छान बसते, उलट मात्र करू नये.

घासण्यात माझे नऊ दिवस गेले. अंगाला काचेची खाज सुटायची. रेझिन लावायला दोनच सकाळी लागल्या. हे प्रमाण मला आता योग्य वाटतं.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा हे काम करावं असं कुणालाही वाटेल. पण दमट मॅट आणि ओलं लाकूड रेझिनला धरत नाही. म्हणून आमची धावपळ मे संपायच्या आत. १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय, दुहेरी, आधी सगळ्या बाजूंनी, आणि कापलेल्या कडांना दोन-तीनदा, रेझिन पाजलेलं. त्यावर मॅटचे थर, कोपरे गोलाईत, कारण काचेचा तंतू काटकोनात वळत नाही आणि तिथे हवा धरते. बाहेरची निळाई सर्वांत सोपी निघाली. ऊन वरवरचं रेझिन खातं आणि रंगाचे कण सुटे पडतात, तीच ती भुकटी. पाण्याबरोबर बारीक पेपर फिरवला आणि खालचा जेलकोट, म्हणजे होडीचा रंगीत रेझिनचा बाहेरचा थर, चमकला.

मशीनच्या बोल्टसाठी आम्ही भोकं मुद्दाम मोठी पाडली, ती इपॉक्सीनं भरली आणि घट्ट झाल्यावर त्या इपॉक्सीच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडलं. आता बोल्टजवळून पाणी आलंच, तरी त्याला लाकूड भेटणार नाही. मग मी नाणं काढलं आणि ट्रान्समवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवत गेलो. काका बाजूला उभे राहून मान खाली घालून ऐकत होते. “आयक,” एवढंच म्हणाले, आणि विडी पेटवायला स्टायरिनपासून चांगले लांब गेले.

खाडीत चार फेऱ्या झाल्या आणि ढग दिसू लागले. होडी आता माडांखाली आहे. नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, दोन जादा ठोकळे, म्हणजे पाणी मागे वाहील. वर ताडपत्री, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी. बूच काढलेलं आहे, आणि सुतळीनं सुकाणूच्या चाकाला बांधून ठेवलंय, म्हणजे सप्टेंबरमध्ये होडी पाण्यात ढकलायच्या आधी ते डोळ्यांसमोरच असेल.